चवदार तळे ते ई-जर्नल : सार्वजनिक ग्रंथालय नेमके कोणाचे?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक आणि त्यांची सुमारे १३,००० ई-जर्नल. केंद्र व राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था मिळून सुमारे ६,३०० संस्थांतल्या जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधकांना ही जर्नल वाचता येतील, असे सरकारने सांगितले. १ जानेवारी २०२५ पासून योजना सुरूही झाली.

योजना चांगली आहे. पूर्वी एकेका विद्यापीठाला एकेका प्रकाशकाच्या दारात उभे राहावे लागत असे, ते आता कमी होईल. पण नावातच ‘एक देश’ आहे म्हणून विचारतो. या देशात वरूडचे सार्वजनिक वाचनालय येते का? शेंदुरजनाघाटचे, पुसल्याचे, बेनोड्याचे येते का? नाही. लाभार्थी संस्थांच्या यादीत विद्यापीठे आहेत, महाविद्यालये आहेत, प्रयोगशाळा आहेत. गावातले आणि तालुक्यातले सार्वजनिक ग्रंथालय मात्र नाही.

पैसा कोणाचा आहे? वरूडच्या संत्राबागेत तोडीला जाणारी बाई साबणावर आणि चहाच्या पुड्यावर जीएसटी भरते. त्या सहा हजार कोटींत तिचाही वाटा आहे. तिचा मुलगा पदवी घेऊन महाविद्यालयातून बाहेर पडला की त्याच दिवशी त्याचा लॉगिन बंद होतो. पुढे तो एमपीएससीचा अभ्यास करो, वकिली करो, की बुद्धविहारात मुलांना शिकवो, ज्ञानाच्या त्या कोठारात त्याला प्रवेश नाही.

सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली गोष्ट सर्वांना खुली असली पाहिजे, हा वाद आपल्याला नवा नाही. याच वादातून महाड घडले. म्हणून ई-जर्नलचा प्रश्न हा केवळ कॉम्प्युटरवाल्यांचा प्रश्न समजून सोडून देऊ नका. तो आपल्या चळवळीच्या इतिहासातला जुनाच प्रश्न आहे.

ठरावाच्या यादीत नसलेला शब्द

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारने नेमलेल्या मंडळांकडून चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. आपल्या प्रत्येक सभेत या ठरावाचा उल्लेख होतो. पण ती यादी एकदा सावकाश वाचा. पाणी आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, कचेरी आहे. वाचनालय नाही.

याचा दोष बोलेंना द्यायचे कारण नाही. त्या काळात घशाला पाण्याचीच कोरड होती. पण वाचनालय हे सर्वांच्या हक्काचे ठिकाण आहे, ही कल्पनाच तेव्हा समाजात रुजलेली नव्हती, एवढे या यादीवरून कळते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ठराव झाला म्हणून तळे खुले झाले नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत तिथे कोणी अस्पृश्य पाणी प्यायला नव्हता. बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा कागदावरचा ठराव प्रत्यक्षात आला. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. बोले ठरावापासून मोजले तर जवळजवळ चौदा वर्षे! ‘खुले आहे’ असे लिहिणे आणि खुले असणे यांत एवढे अंतर असते.

बोले ठराव मुंबई इलाख्याचा होता. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. पण प्रश्न इकडेही तोच होता. महाडच्या वर्षीच, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा प्रश्न पुढे होता. थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी त्यांना इथेच कळली. पुढे डॉ. पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. म्हणजे वऱ्हाडात विहीर आली, मंदिर आले. वाचनालयाचे काय?

वाचनालये होती, पण कोणाची?

महाराष्ट्रात सार्वजनिक म्हणवणारी वाचनालये फार जुनी आहेत. रत्नागिरीचे १८२८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. वऱ्हाडात अकोल्याचे बाबुजी देशमुख वाचनालय १८६० चे. इंग्रज अधिकारी, वकील, सरकारी नोकर, सावकार, देशमुख-देशपांडे अशा मंडळींनी वर्गणी काढून ती उभी केली. त्यांनी मराठी पुस्तके जपली, हे मान्य करायला हवे. पण वर्गणी भरू शकणारा आणि अक्षरओळख असणारा, असा ‘सार्वजनिक’ माणूस त्या काळी कोणत्या जातीचा होता, हे वेगळे सांगायला नको. ज्याला शाळेच्या ओसरीच्या बाहेर बसवले जात होते तो वाचनालयाच्या टेबलापर्यंत पोहोचणार कसा? तिथे ‘अस्पृश्यांना मज्जाव’ अशी पाटी लावण्याचीही गरज नव्हती.

याच काळात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी वेगळा रस्ता धरला. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बोर्डन या ग्रंथपालाला बोलावले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. ज्या गावात वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. राज्याच्या खर्चाने, राज्याची जबाबदारी म्हणून. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, हा निव्वळ योगायोग नाही. ज्ञान ही राज्याने पोहोचवायची गोष्ट आहे असे मानणाऱ्या राजाकडून दोन्ही कामे झाली.

न्यूयॉर्कमध्ये आणि नंतर लंडनला ब्रिटिश म्युझियम, इंडिया ऑफिस यांच्या ग्रंथालयांत बाबासाहेब वाचत बसले. तिथे त्यांना जात विचारली गेली नाही. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान घेऊन निघालेले जहाज पाणतीराने बुडाले आणि जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. पुढे ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांसाठी. ग्रंथालय माणसाचे काय करू शकते हे त्यांनी स्वतःवर अनुभवले होते.

म्हणूनच २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची उद्दिष्टे पुन्हा वाचण्यासारखी आहेत. पहिले उद्दिष्ट वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार. दुसरेच उद्दिष्ट वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढून बहिष्कृत समाजात संस्कृतीचा प्रसार. शेती-उद्योगाच्या शाळा आणि गाऱ्हाणी मांडणे त्यानंतर. सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले, विद्यार्थ्यांचे ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही निघाले. ठरावाच्या यादीत जे नव्हते ते बाबासाहेबांनी आपल्या संस्थेच्या उद्दिष्टांत दुसऱ्या क्रमांकावर घातले. वाचनालयाची मागणी आपल्या चळवळीत महाडच्याही आधीची आहे, मित्रांनो!

१९६७ चा कायदा : अनुदान आले, हक्क राहिला

स्वातंत्र्यानंतर मद्रास प्रांताने १९४८ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यामागे एस. आर. रंगनाथन यांचे श्रम होते. त्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर, म्हणजे उपकर ठेवला गेला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. आपल्या कायद्यात ग्रंथालय उपकर नाही. आपल्याकडे शासनाने स्वतः गावोगाव ग्रंथालये काढली नाहीत, तर संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता देऊन अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान दिले. अशी बारा हजारांच्या आसपास ग्रंथालये राज्यात आहेत. संख्या मोठी आहे आणि खेड्यापर्यंत पोहोचलेली आहे, ही जमेची बाजू.

पण या रचनेचे दोन परिणाम झाले. पहिला, ग्रंथालय कोण चालवणार हे गावातल्या संस्थाचालकांवर राहिले. ज्यांच्या हातात पतसंस्था आणि शाळा, त्यांच्याच हातात वाचनालयाची कार्यकारिणी. कोणती पुस्तके घ्यायची, कोणती वृत्तपत्रे लावायची, कोणाला सभासद करायचे, हे तेच ठरवणार. दुसरा, अनुदान तुटपुंजे, आणि सर्वात लहान ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला तर सर्वात कमी. त्यातच ग्रंथपालाचे मानधन, त्यातच पुस्तके, त्यातच वीजबिल. असा ग्रंथपाल ई-जर्नलची वर्गणी कुठून भरणार?

मग होते काय? वाचनालयाचा वाचनकक्ष ओस पडतो आणि शेजारी महिन्याची फी घेणाऱ्या खासगी अभ्यासिका उघडतात. तिथे खुर्ची मिळते, पंखा मिळतो, वायफाय मिळते. ज्ञान मिळवायचे असेल तर जागा भाड्याने घ्या, असा हा नवा व्यवहार. ज्याच्याकडे भाडे आहे तो बसेल, ज्याच्याकडे नाही तो विहाराच्या ओट्यावर बसेल.

वरूड-मोर्शीच्या माणसाला हे पाण्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. आपला पट्टा ‘ड्राय झोन’ म्हणून ओळखला जातो. जमिनीत पाणी अजिबात नाही असे नाही, पण ते इतके खोल गेले आहे की ज्याच्याकडे बोअर आणखी खोल न्यायला पैसा आहे त्याचीच बाग हिरवी राहते. ज्ञानाचेही तसेच चालले आहे. नेटवर सगळे आहे म्हणतात. पण ते पैशाच्या किती फूट खाली आहे?

आपली नियतकालिके कुठे आहेत?

जर्नल म्हणजे नियतकालिक. नियतकालिकाचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. पुणे भागात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढले. आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी एकामागून एक पत्रे काढली. एक बंद पडले की दुसरे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले, पण ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९२८ ला ‘समता’, २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’.

चळवळ आधी नियतकालिकात विचार करते, ग्रंथ मागाहून येतात. महाड, नाशिक, येवला, धर्मांतर, या प्रत्येक टप्प्यावर काय वाद झाले, कोणी साथ दिली, कोणी दगा दिला, कोणत्या गावाने किती वर्गणी पाठवली, हे त्या अंकांत आहे. ते अंक आज तुमच्या तालुक्यातल्या वाचनालयात मिळतील का?

शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने छापली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. १९९० साली ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक एका खंडात आले. हे ऋण मोठे आहे. पण याच प्रकल्पाची नंतर काय अवस्था झाली? २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातील बातमीवरून स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. बातमी अशी होती की खंडांच्या ९ लाख प्रती छापायचे ठरले, त्यासाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद खरेदी झाला, आणि चार वर्षांत छापल्या गेल्या फक्त ३३ हजार प्रती. कागद गोदामात पडून आणि वाचक दीक्षाभूमीवर रांगेत!

आता याच्या उलट उदाहरण बघा. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. डु बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयाने स्कॅन करून सर्वांना खुली ठेवली आहेत. पासवर्ड नाही, वर्गणी नाही. वरूडच्या बसस्टँडवर बसूनही ती वाचता येतात. कोलंबिया विद्यापीठानेही ‘जातिनिर्मूलना’ची इंग्रजी संहिता टिपांसह मोफत ठेवली आहे. अमेरिकेतल्या ग्रंथालयाला जे जमले ते आपल्या राज्याला ‘जनता’च्या सगळ्या अंकांबाबत का जमू नये?

कायद्याची अडचण सांगितली जाते. तीही तपासून घ्या. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी मुक्त आहे. त्यांच्या पश्चात प्रथमच छापलेल्या लेखनाचा हिशेब वेगळा आहे, कारण तिथे साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. भाषांतरे आणि संपादकांच्या टिपांचाही वेगळा. पण जुन्या अंकांतले बाबासाहेबांचे अग्रलेख स्कॅन करायला आज कोणाची आडकाठी नाही.

दुसऱ्यांनी हा लढा कसा लढला

ग्रंथालयाचा हक्क हा नागरी हक्क आहे, हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी प्रत्यक्ष लढून दाखवले. २१ ऑगस्ट १९३९ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहरात पाच कृष्णवर्णीय तरुण सार्वजनिक ग्रंथालयात गेले. त्यांनी सभासदत्व मागितले, ते नाकारल्यावर प्रत्येकाने एक पुस्तक उचलले आणि वेगवेगळ्या टेबलांवर शांतपणे वाचत बसले. पोलिसांनी त्यांना अटक केली. सॅम्युअल टकर या तरुण वकिलाने हे घडवून आणले होते. पुढे शहराने काय केले? १९४० साली कृष्णवर्णीयांसाठी वेगळे, लहान, जुन्यापान्या पुस्तकांचे ग्रंथालय बांधून दिले. टकरने त्याचे सभासदत्व घ्यायला नकार दिला. वेगळे आणि कमी दर्जाचे ग्रंथालय म्हणजे हक्क नव्हे, हे त्याला कळत होते. १९६१ साली मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात नऊ विद्यार्थ्यांनी हेच केले आणि तुरुंगात गेले.

महाडच्या बारा वर्षांनंतरचे हे अलेक्झांड्रियाचे ‘चवदार तळे’. तिथे ओंजळीऐवजी पुस्तक होते, एवढाच फरक.

आता इंग्लंड. ज्या लंडनच्या ग्रंथालयांत बाबासाहेब वाचत बसले, त्या देशात २०१४ पासून ‘ॲक्सेस टू रिसर्च’ नावाचा उपक्रम आहे. प्रकाशक आणि सार्वजनिक ग्रंथालये यांनी मिळून लाखो संशोधन-लेख गावच्या ग्रंथालयातल्या संगणकावर मोफत उघडून दिले. अट एकच. ग्रंथालयात येऊन बसायचे आणि वाचायचे. सेवानिवृत्त माणूस, आजाराची माहिती शोधणारी आई, स्वतंत्र संशोधक, कोणीही. आपल्याकडे १३,००० जर्नलसाठी सहा हजार कोटी मोजताना प्रकाशकांसमोर हीच अट ठेवता आली असती. तालुक्याच्या मान्यताप्राप्त ग्रंथालयाचे इंटरनेट कनेक्शन यादीत घाला, आणि तिथे येऊन बसणाऱ्याला वाचू द्या. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हे अवघड नाही. महाविद्यालयांत आज ठराविक कनेक्शनवरून किंवा लॉगिनवरून हेच चालते.

आक्षेप येणार आहेत

पहिला आक्षेप आपल्याच लोकांचा असेल. ‘आपल्या पोट्ट्यायले जर्नल काहाले पाहिजे? ते तर दिवसभर रील पाह्यतात.’ हेच वाक्य शंभर वर्षांपूर्वी शाळेबद्दल बोलले जात होते. ‘यांना शाळा कशाला, हे तर गुरे राखतात.’ संत्र्यावरच्या रोगाचा लेख, सिलिकोसिसचा लेख, ॲट्रॉसिटी कायद्याखालील खटल्यांच्या निकालांचा अभ्यास, आरक्षणावरचे संशोधन, हे कोणाला लागते? आपल्यालाच लागते. न्यायालयात आणि आयोगापुढे समोरचा पक्ष आकडे घेऊन येतो. आपण घोषणा घेऊन गेलो तर हरतो.

दुसरा आक्षेप : ‘मोबाईल आहे ना, ग्रंथालय कशाला?’ चाळीस पानांचा पीडीएफ फुटक्या काचेच्या मोबाईलवर वाचून बघा. घरात एकच फोन असेल तर तो मुलीच्या हाती किती वेळ येतो, तेही बघा. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहात मोबाईलला बंदी घातल्याच्या खटल्यात एका विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल देताना इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. मग तो हक्क वापरायला सुरक्षित जागा, मोठा पडदा, प्रिंटर आणि विचारायला एक ग्रंथपाल हवाच.

तिसरा आक्षेप : ‘डिजिटल आले की पुस्तके जातील.’ ही भीती मात्र खरी आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पात हजारो भारतीय ग्रंथ स्कॅन झाले होते, त्यात मराठीही भरपूर होते. पुढे ते संकेतस्थळच बंद झाले. कोणीतरी प्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर ठेवल्या होत्या म्हणून त्या आजही मिळतात. डिजिटल प्रत एका रात्रीत गायब होऊ शकते, आणि ती गायब झाल्याचे कोणाला कळतही नाही. म्हणून कागदही हवा आणि स्कॅनही हवे, आणि स्कॅनच्या प्रती एकापेक्षा जास्त ठिकाणी हव्यात.

मग करायचे काय?

राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये संपूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून चालणाऱ्या, लोकांच्या वापराच्या सार्वजनिक ठिकाणी जात, धर्म, लिंग या कारणांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे म्हटले आहे. अनुदान घेणारे वाचनालय हे असे ठिकाण आहे. बोले ठरावाच्या यादीत जो शब्द नव्हता तो या कलमाच्या अर्थात येतो. आता तो प्रत्यक्षात आणायचा आहे.

१. तालुक्यातली मान्यताप्राप्त ग्रंथालये कोणती, त्यांचा वर्ग कोणता, अनुदान किती, संगणक किती आणि त्यांतले चालू किती, गेल्या तीन वर्षांत कोणती पुस्तके व नियतकालिके घेतली, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात विचारा. आधी आकडे हातात घ्या, मग निवेदन द्या.

२. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये सार्वजनिक ग्रंथालये घ्या, निदान तालुक्याला एक, ही मागणी आमदार-खासदारांपुढे ठेवा. वरूडमध्ये महात्मा फुल्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी गावातल्या माजी विद्यार्थ्यांना ग्रंथालयात येऊन वाचण्याची सोय द्यावी, अशी विनंती करा. फुल्यांच्या नावाला ते शोभेल.

३. डिजिटल विभागाला अनामत आणि फी नको. स्वतंत्र निधी हवा, ग्रंथपालाला प्रशिक्षण आणि जगण्यापुरते वेतन हवे. उपाशी ग्रंथपाल संगणकाला कुलूप लावूनच ठेवतो.

४. ग्रंथालयांचे सभासद व्हा, वार्षिक सभेला जा, कार्यकारिणीत निवडून या. बाहेरून टीका करण्यापेक्षा हे अवघड आहे, म्हणूनच ते करायचे आहे. अलेक्झांड्रियाच्या त्या पाच तरुणांसारखे आत जाऊन बसा.

५. घराघरांतल्या पेट्या उघडा. आजोबांनी जपलेले ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’चे अंक, समता सैनिक दलाची पत्रके, जयंतीच्या स्मरणिका, जलशाच्या वह्या. वाळवी लागण्याआधी स्कॅन करा, मूळ प्रत त्या घराला परत द्या, फाईलला गाव-साल-अंक असे नाव द्या आणि शब्द शोधता येईल असा युनिकोड मजकूर तयार करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधयंत्राला दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

६. मागणी मान्य होईपर्यंत जे खुले आहे ते वापरा. ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांतले प्रबंध मोफत आहेत, त्यांत आंबेडकरी चळवळीवरचे मराठी प्रबंधही आहेत. ‘नॅशनल डिजिटल लायब्ररी’ आहे. ‘डायरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’मध्ये मोफत जर्नलची यादी आहे. ‘जेस्टोर’वर वैयक्तिक खाते काढले तर महिन्याला ठराविक संख्येने लेख ऑनलाइन वाचता येतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बाबासाहेबांचे इंग्रजी खंड आहेत. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास यासाठी ठेवा. ज्याला येते त्याने दोघांना शिकवावे.

कोणी म्हणेल, एवढ्या छोट्या गोष्टीसाठी चळवळ कशाला? महाडलाही सनातनी हेच विचारत होते, की तळ्याच्या पाण्यात असे काय आहे? पाण्यात काही नव्हते. ते पाणी पिण्याचा हक्क कोणाला आहे आणि तो कोण ठरवणार, याचा तो लढा होता. आज तळ्यावर पहारा नाही. पण दाराशी एक चौकट उभी आहे आणि ती विचारते, तुमची संस्था कोणती? लॉगिन काय? पासवर्ड काय?

आपले उत्तर एकच असावे. आम्ही या देशाचे नागरिक आहोत, ही जर्नल आमच्या पैशाने घेतली आहेत, आणि हे ग्रंथालय सार्वजनिक आहे. दार उघडा.

जय भीम!